ही बाजू वर

३ मार्च, सोमवार

ही वही हिने आणून दिली. हिचं म्हणणं, निवृत्त झाल्यापासून मी दिवसभर हिच्या मागे मागे बोलत फिरतो, त्यातलं निम्मं वहीला सांगितलं तर हिच्या कानांना तेवढाच आराम. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोने दिलेली ही पहिली वही. कारण कसंही असलं तरी कागद चांगला आहे.

आधी ओळख. दिव्यांच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात पॅकिंग खात्यात मी एकतीस वर्षं काढली. पॅकर नंबर सतरा. आम्ही भरलेल्या प्रत्येक खोक्यात वरच्या बाजूला एक छापील चिठ्ठी जायची. पॅक करणार, नंबर अमुक. खाली 'शेरा' म्हणून एक कोरी ओळ. माल हातात पडला की तिकडच्या माणसाने ती ओळ भरून परत पाठवायची. एकतीस वर्षांत माझ्या नंबरच्या सत्तेचाळीस चिठ्ठ्या परत आल्या आणि सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस तक्रारीच्या. माल सुखरूप पोचला हे कळवायला कोणालाही कधी सवड झाली नाही. तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून लिहितोय.

आता घरची बातमी. लेक सव्वीस तारखेला जाणार. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. तिला दूरच्या एका मोठ्या इस्पितळात वर्षभराचं प्रशिक्षण मिळालंय. जावई आणि नात इथेच, आमच्याजवळ. सामानाचे तीन खोके चोवीस तारखेला मालाच्या गाडीने पुढे जातील. खोके अर्थातच मी आणले, आमच्याच गोदामातून, फोरमनच्या मागे लागून. पाच पदरी पुठ्ठा, कोरे करकरीत. हिला म्हटलं, हात लावून तर बघ. हिने लावला आणि भाजी करपेल म्हणून आत गेली.

४ मार्च, मंगळवार

नातीला आम्ही गिरकी म्हणतो. वय सहा, इयत्ता पहिली. एका जागी उभी केली तरी स्वतःभोवती फिरते म्हणून गिरकी.

आज तिने फर्मान काढलं की रॉकेट करायचं, आत बसता येईल असं. मी लगेच वाण्याकडून साबणाचे चार खोके आणले. तिने चारही उलटेपालटे करून पाहिले आणि नापास केले. कारण, बाण नाही.

मग माझा हात धरून ती आईच्या खोक्यांपुढे जाऊन उभी राहिली. प्रत्येक खोक्यावर दोन जाड बाण आणि खाली छापलेलं, 'ही बाजू वर'. तिने बोट ठेवत ठेवत वाचलं आणि म्हणाली की हे खोके वर जातात, तसं लिहिलंयच त्यांच्यावर.

मी गहिवरलो. एकतीस वर्षं मालाच्या गाडीवरच्या धडधाकट माणसांना मी तो बाण दाखवत आलो, एकानेही मनावर घेतला नाही. आणि हे सहा वर्षांचं पोर! एक खोका काढून दिला. लेकीला सांगितलं, दुसरा आणतो, माझी जबाबदारी.

७ मार्च, शुक्रवार

रॉकेटचा खालचा मजला उभा राहिला. एका बाजूला दार कापलं. तीनच बाजूंनी कापायचं, म्हणजे चौथी बाजू बिजागरीचं काम करते. कोऱ्या पाच पदरी पुठ्ठ्यात कटर घालणं जिवावर आलं, पण घातला. वरची झाकणं मात्र कापवेनात. चांगल्या खोक्याची झाकणं कापणं माझ्याच्याने होणार नाही. ती आतल्या बाजूला दुमडून टाकली.

मग लक्षात आलं की गिरकी आत उभी राहिली तर डोकं बाहेर येतं. म्हणून दुसरा मजला हवा. म्हणून दुसरा खोका. तोही लेकीचाच घ्यावा लागला, कारण मजले सारख्या मापाचे नसले तर सांधा बसत नाही. यात माझा काही इलाज नव्हता.

दुसऱ्या मजल्याला गोल खिडकी केली. जावई दवाखान्यांसाठी कवळ्या बनवतो. संध्याकाळी आल्या आल्या वाकून बघून म्हणाला, वर्तुळ दोन मिलिमीटर चपटं आहे. दाताच्या माणसाला सगळीकडे फट दिसते. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

११ मार्च, मंगळवार

उरलेल्या तिसऱ्या खोक्यात लेकीची भांडी आणि बरण्या भरल्या. आमच्या खात्याचा नियम साधा. खोका बंद केला की तो जागच्या जागी हलवायचा आणि कान लावायचा. आत काहीही वाजलं की खोका उघडायचा, पुन्हा भरायचा. वाजणारा खोका सतरा नंबरच्या हातून कधी बाहेर पडलेला नाही.

कान लावला. वाजल्यासारखं वाटलं. उघडला, पुन्हा भरला. दुपारी परत कान लावला, परत शंका आली. परत उघडला. तिसऱ्यांदा उघडताना लेक दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, काहीच वाजत नाहीये. मी म्हटलं, तुला रक्तातलं कळतं, मला खोक्यातलं. ती हसली आणि चहा टाकायला गेली.

१३ मार्च, गुरुवार

घरात चोऱ्या होऊ लागल्या आहेत. लेकीने न्यायच्या वस्तू पलंगावर काढून ठेवल्या होत्या. त्यातली विजेची किटली, बॅटरी, गजराचं घड्याळ आणि गरम पाण्याची पिशवी गायब. सगळ्यांनी घर पालथं घातलं. माल सापडला रॉकेटात. किटली म्हणजे इंजिन, कारण तिच्यातून वाफ येते. पिशवी म्हणजे इंधनाची टाकी. हे सगळं पटण्यासारखं आहे.

लेक वैतागली. निदान किटली तरी दे, म्हणाली. गिरकी म्हणाली, निघणार नाही, पक्की बसवली आहे. मी वाकून पाहिलं तर खरोखर पक्की. चिकटपट्टी मधून एक आणि दोन्ही कडांना एकेक, अगदी आमच्या खात्याच्या पद्धतीची. हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं, बघून बघून उचललं असणार. मी लेकीला म्हटलं, असं काम मोडायचं नसतं. लेक माझ्याकडे बघत राहिली.

का कोण जाणे, गिरकी हल्ली फक्त आईच्याच वस्तू उचलते. माझी बॅटरी जास्त मोठी आहे. मी देऊ केली तर नको म्हणाली.

१६ मार्च, रविवार

आज एक अघटित घडलं. भांड्यांचा खोका मुळापासून नव्याने भरावा असं ठरवून मी तो पूर्ण रिकामा केला, भांडी पलंगाखाली मांडली आणि भरणाला रद्दी आणायला खाली गेलो. पंधरा मिनिटांत आलो तर खोका रॉकेटच्या डोक्यावर. चारही झाकणं वर तिरकी जोडून टोक केलेलं. खुर्चीवर उभी राहून एकटीने केलं. टोक किंचित डावीकडे कललंय, पण पहिल्या प्रयत्नाला माझंही कललं असतं.

थोडक्यात, लेकीकडे आता एकही खोका नाही. जेवताना मी सुचवलं की मालाच्या गाडीची तारीख एक आठवडा पुढे ढकलावी. सामान नसताना तिकडे आधी जाऊन करणार काय? तर जाणंही ओघाने आठवडाभर पुढे. सगळ्यांनी ताटात मान घातली. फक्त गिरकीने जोरजोरात मान हलवून मला पाठिंबा दिला.

जेवण झाल्यावर हिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच वयाचे आहात. फक्त एकाला चष्मा आहे." मला याचा अर्थ लागला नाही. हिची बोलायची पद्धत पहिल्यापासून अशीच आहे.

१७ मार्च, सोमवार

गोदामात जाऊन आलो. फोरमन म्हणाला, या महिन्यात खोके शिल्लक नाहीत, फारच अडचण असेल तर बघतो. मी फार ताणून धरलं नाही. माणसाला उगाच अडचणीत कशाला टाकायचं?

लेक म्हणाली की मग ती दुकानातून साधे खोके आणेल. तीन पदरी पुठ्ठ्याचं प्रवासात काय होतं यावर मी तिला अर्धा तास समजावून सांगितलं. ओल, ठोकर, वरचं ओझं, सगळं. जावई मध्येच उठून दात घासायला गेला. दुपारचे चार वाजले होते.

२० मार्च, गुरुवार

आजचं जसं घडलं तसं लिहितो.

संध्याकाळी लेक रॉकेटात शिरली. शिरली म्हणजे, पाय दाराबाहेर राहिले. गिरकी तिच्या मांडीवर. मी मागच्या बाजूला सांध्याला पट्टी लावत होतो, ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. पुठ्ठा पाच पदरी असला तरी आवाज अडवत नाही.

गिरकी आईला एकेक गोष्ट दाखवत होती. ही तुझी किटली, हे तुझं घड्याळ, सकाळी उठवायला. मग म्हणाली, "तू यातूनच जा. हे खोके तिकडेच जाणार होते ना, त्यांना रस्ता माहीत आहे. रॉकेटने गेलं की रात्री जेवायला परत येता येतं."

लेकीने तिचे केस मागे सारले. मग तिने हळू आवाजात समजावलं की हे रॉकेट खेळातलं आहे, तिला गाडीनेच जावं लागेल, आणि वर्ष म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरची बारा पानं. मध्ये सुट्टीला ती दोनदा येईल.

"मग खोके देणारच नाही," गिरकी म्हणाली. "खोके नसले तर सामान जात नाही. सामान गेलं नाही तर तूपण जात नाहीस. आजोबापण तेच करतायत. रोज खोका उघडतात."

मी चिकटपट्टी तिथेच ठेवून काढता पाय घेतला. गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. हिने सकाळीच घातलं होतं, त्यामुळे ते खालच्यांच्या कपड्यांवर गेलं.

थोड्या वेळाने लेक बाहेर आली. डोळे पुसलेले होते. कठड्याला टेकून तिने विचारलं, "बाबा, त्या सत्तेचाळीस तक्रारी. एकूण खोके किती भरले असतील तुम्ही?" मी मनातल्या मनात आकडे जुळवले. दिवसाला चाळीस धरले तरी साडेतीन लाखांच्या वर जातात.

"मग बाकीचे पोचले असतील, बाबा," ती म्हणाली.

एकतीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

२१ मार्च, शुक्रवार

हिने वही दिली ती खरं लिहायला, असं आता वाटतं. तर लिहून टाकतो. त्या खोक्यात काहीही वाजत नव्हतं. पहिल्या वेळेलाही नव्हतं. मला लेक जायला नको आहे. वर्ष तिच्यासाठी बारा पानं असेल, माझ्या वयाला ते मोठं वाटतं. आणि हे मी तिला सांगू शकत नाही, कारण ती गेली पाहिजे. एवढ्या मोठ्या इस्पितळात तिची निवड झाली हे मी जिन्यात भेटेल त्याला सांगितलंय, दोन वेळा टपालवाल्यालाही.

एवढं लिहिल्यावर बरं वाटलं. हिला वाचून दाखवलं. म्हणाली, मला तीन तारखेलाच माहीत होतं.

२२ मार्च, शनिवार

सकाळी गिरकीला समोर बसवलं. खोके परत दे, असं थेट म्हणवेना. म्हणून उलट्या बाजूने सुरुवात केली. तिला विचारलं, सतरा नंबरच्या खात्यात एक जागा रिकामी आहे, अठरा नंबर व्हायचंय का? पगार नाही, पण चिठ्ठीवर नंबर छापतात.

तिने अटी विचारल्या. मी सांगितलं की रॉकेट आईच्या गावाला पाठवायचं आहे. खेळातलं नाही, खरोखर. तीन मजले वेगळे करायचे, त्यांत सामान भरायचं आणि तिन्ही गाडीवर चढतील. खोक्यांना रस्ता माहीत आहे हे तिचंच म्हणणं.

"आणि परत?" तिने विचारलं.

इथे मला आमच्या खात्याचा जुना शिक्का आठवला. महाग काचांचे खास खोके आम्ही पाठवायचो, त्यांच्यावर लाल शाईत असायचं, 'रिकामा खोका परत करणे'. असा खोका तिकडच्याला ठेवून घेता येत नाही, तसा नियमच आहे. हे मी तिला नीट समजावलं. तिने तीन वेळा विचारलं की नियम नक्की आहे का. मग स्वतः लाल खडू आणला आणि तिन्ही खोक्यांवर लिहिलं. 'परत' मधला 'र' उलटा पडलाय. मी दुरुस्त केला नाही.

मग दिवसभर काम चाललं. झाकणं कापली नव्हती हे किती बरं झालं! उलगडली की जागेवर आली. दाराला आणि खिडकीला आतून-बाहेरून ठिगळं लावली. व्यवसायाच्या दृष्टीने पाहिलं तर लाज वाटावी असे खोके. एकावर गोल ठिगळ, एकाला खालून चांदीच्या कागदाच्या ज्वाळा, त्या गिरकी काढू देईना. फोरमनने पाहिलं तर माझं पेन्शन बंद करेल.

किटली मात्र सुटेना. शेवटी कटर लावावा लागला.

२३ मार्च, रविवार

तिन्ही खोके भरून बंद. चिठ्ठ्या मी हाताने आखल्या. पॅक करणार, नंबर १७ व १८. खाली शेरा. भांड्यांच्या खोक्याला शेवटची पट्टी मारायच्या आधी अठरा नंबरने मला पाणी आणायला पाठवलं. आणलं तोवर खोका बंद होता आणि ती त्याच्यावर बसून पाय हलवत होती. तहान लागली नव्हती म्हणाली.

२४ मार्च, सोमवार

मालाची गाडी सकाळी नऊला आली. पहिले दोन खोके गेले. भांड्यांचा खोका उचलायच्या आधी सवयीने हलवला, कान लावला.

वाजला.

या वेळी शंका नव्हती. काहीतरी लहानसं, गोल, तळाशी इकडून तिकडे घरंगळत गेलं. गिरकी दाराशी उभी होती. फिरत नव्हती, अगदी स्थिर. माझ्याकडे बघत होती.

गाडीवाला म्हणाला, आजोबा, काही राहिलंय का? उघडायचाय का?

एकतीस वर्षांचा नियम. मी म्हटलं, नाही, ठीक आहे, न्या. ही बाजू वर ठेवा तेवढी.

गाडी कोपऱ्यावरून वळल्यावर गिरकीने पुन्हा एक गोल चक्कर मारली. आत काय वाजत होतं ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

२६ मार्च, बुधवार

लेक गेली. निघताना मला म्हणाली, पोचले की कळवते. मी म्हटलं, चिठ्ठीवर कळव. बाकी आज लिहिण्यासारखं काही नाही. घर आहे तेवढंच आहे, पण मोठं झालंय.

४ एप्रिल, शुक्रवार

टपालवाल्याने लिफाफा आणला. लेक रोज फोनवर बोलते, पण चिठ्ठीबद्दल तिने चकार शब्द काढला नव्हता. लिफाफ्यात तिन्ही चिठ्ठ्या होत्या. दोन चिठ्ठ्यांच्या शेऱ्यात एकच ओळ, 'माल सुखरूप मिळाला'. भांड्यांच्या खोक्याची तिसरी चिठ्ठी मात्र ओळीबाहेर जाऊन मागच्या बाजूला वळली होती.

'माल सुखरूप मिळाला. मोडतोड नाही. खोका वाटेत वाजत होता, असं गाडीवाल्याने सांगितलं. तळाशी एक निळी गोटी निघाली. भांडी काढून घेतली, पण गोटी खोक्यातच ठेवली आहे. रोज कामावरून आले की एकदा हलवून बघते. रिकामा खोका नियमाप्रमाणे परत करीन.'

मी ती हिला वाचून दाखवली, मग जावयाला, मग पुन्हा हिला. या वेळी ही भाजी सोडून बाहेर आली आणि पूर्ण ऐकलं. भाजी करपली. तरी सगळ्यांनी ती संपवली.

गिरकीने चिठ्ठी स्वतः वाचली, बोट ठेवत ठेवत, दोन्ही बाजूंनी. मग एक शंका काढली. आत गोटी असली तर तो खोका रिकामा कसा? आणि रिकामा नसेल तर तो परत करायचा नियम त्याला लागू होतो का?

शंका रास्त होती. मी सांगितलं की असा खोका रिकामा धरत नाहीत. पण तो एकटा परत पाठवता येत नाही, सोबत माणसाला यावं लागतं. आमच्या खात्यात असा नियम नाही. आजपासून आहे.

तिन्ही चिठ्ठ्या या पानावर चिकटवल्या. पट्टी मधून एक, दोन्ही कडांना एकेक.